दृष्टी नसली तरी दिशा
अंध पादचाऱ्यांसाठी उपग्रह-मार्गदर्शन : एक परिचय

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे तक्ते देण्याची प्रथा आहे व ती योग्यही आहे. देणगीदारांनी विश्वासाने सोपविलेल्या पैशाचा हिशेब त्यांना मिळालाच पाहिजे. तथापि नेत्रविभागाच्या तक्त्यातील कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही असा रुग्णांचा एक गट आहे. ज्यांच्या डोळ्यांवर औषधाने वा शस्त्रक्रियेने आता काही साधण्यासारखे उरलेले नाही, असे हे रुग्ण होत.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे तीनपैकी दोघांचे अंधत्व एका शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. धर्मादाय रुग्णालये मोतीबिंदूवर इतका भर का देतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. उरलेल्या तिसऱ्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी असते. काचबिंदूने निकामी झालेली डोळ्याची नस पुन्हा सजीव करता येत नाही. मधुमेहाने दृष्टिपटलाची फार हानी झालेली असेल, तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोझासारख्या आनुवंशिक विकारात तर ऐन तारुण्यात नजर आकसत जाते.

अशा रुग्णाचा पहिला प्रश्न डोळ्यांविषयी असतो. त्याचे उत्तर मिळाले, की थोड्या दिवसांनी दुसरा प्रश्न येतो, ‘आता मी एकट्याने कुठे जाऊ शकेन का?’ हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या बाहेरचा वाटला, तरी तो रुग्णालयाच्या बाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही. गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचे एक अंशतः पण भक्कम उत्तर तयार झाले आहे. उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी बोलकी मार्गदर्शक यंत्रणा हे ते उत्तर होय. तिचा परिचय रुग्णांच्या कुटुंबीयांना व आमच्या हितचिंतकांना करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काठी काय सांगते, काय सांगत नाही

डोळे मिटून घराबाहेर पडणाऱ्या माणसाला दोन प्रश्नांची उत्तरे सतत लागतात. पहिला, ‘माझ्या पायापुढे काय आहे?’ आणि दुसरा, ‘मी कोठे आहे व मला कोणीकडे जायचे आहे?’ हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर आजही पांढरी काठीच देते. या काठीचा शास्त्रशुद्ध वापर एका रुग्णालयातच आकारास आला, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांवर अमेरिकेतील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात उपचार होत असत. तेथे रिचर्ड हूव्हर यांनी लांब व हलकी काठी पुढे धरून ती डावी-उजवीकडे तालात टेकवत चालण्याची पद्धत बसविली. काठीचे टोक उजवीकडे टेकते तेव्हा डावे पाऊल पुढे पडते. त्यामुळे उजवे पाऊल टाकण्यापूर्वी त्या जागेची तपासणी झालेली असते. हूव्हर पुढे स्वतः नेत्रवैद्य झाले. आज जगभर काठीचे प्रशिक्षण दिले जाते ते मुख्यत्वे याच पद्धतीवर आधारलेले आहे.

परंतु काठीची पोच एका पावलापुरती असते. खड्डा, पायरी, उघडे गटार, आडवी लावलेली दुचाकी यांची ती सूचना देते. हा चौक कोणता, बँक मागे पडली की पुढे आहे, आपण योग्य गल्लीत वळलो का, हे ती सांगू शकत नाही. यासाठी अंध व्यक्ती रस्ता पाठ करते. पावले, वळणे, पिठाच्या गिरणीचा आवाज, भज्यांच्या गाडीचा वास, देवळातील घंटा हे सारे तिच्या स्मरणात नोंदलेले असते. ही साधना थक्क करणारी आहे. पण ती पाठ केलेल्या रस्त्यापुरतीच उपयोगी पडते. एक वळण चुकले, गिरणी त्या दिवशी बंद असली किंवा नव्या गावी जाण्याचा प्रसंग आला, की कोणाला तरी विचारणे भाग पडते. परिणामी घर, कार्यालय, बाजार अशा मोजक्या वाटांपुरते आयुष्य आखडत जाते.

डोळस माणूस पाठांतर करीत नाही, कारण त्याच्यासाठी रस्ताभर पाट्या लावलेल्या असतात. रस्त्यांची नावे, दुकानांचे फलक, बसवरील क्रमांक हे सारे त्याला विनासायास व फुकट मिळते. उपग्रह-मार्गदर्शनाचे अंध माणसाला होणारे साहाय्य एका वाक्यात सांगायचे तर असे सांगता येईल, की ते या मुक्या पाट्यांना वाचा देते.

आकाशातील घड्याळे

जीपीएस या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णत्वाने कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तिचे उपग्रह फिरत असतात व प्रत्येक उपग्रह दिवसातून साधारण दोन प्रदक्षिणा पूर्ण करतो.

प्रत्येक उपग्रहावर अत्यंत अचूक आण्विक घड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे’ असा संदेश तो अखंड पाठवीत असतो. आपल्या हातातील यंत्र तो संदेश ऐकते आणि तो पोहोचण्यास किती वेळ लागला हे मोजते. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्यामुळे वेळेवरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली, की पृथ्वीवरील आपली जागा ठरते. मात्र आपल्या यंत्रातील साधे घड्याळ तितके अचूक नसते आणि एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूकही अंतरात ३०० मीटरचा फरक पाडते. त्या घड्याळाचा हिशेब जुळविण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. आपण कोठे आहोत हे उपग्रह पाहत नाहीत आणि या पद्धतीत आपले यंत्र त्यांना काही कळवीतही नाही. आकाशवाणी संच कार्यक्रम ऐकतो, तसे आपले यंत्र केवळ ऐकत असते. स्थानाचा हिशेब यंत्रातच होतो. पुढे नकाशाच्या सेवा त्या स्थानाची नोंद ठेवतात की नाही, हा प्रश्न निराळा आहे व त्याबाबत वापरणाऱ्याने सावध राहणे केव्हाही चांगले.

सामान्य नागरिकांना मिळणारे स्थान प्रारंभी हेतुपुरस्सर ढोबळ ठेवलेले होते. सुमारे १०० मीटरपर्यंतची चूक त्यात असे. समुद्रातील जहाजाला ती चालते. पायी चालणाऱ्याला मात्र तेवढ्यात दोन चौक इकडेतिकडे होतात. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने हा अडसर काढून टाकला आणि अचूकता एकाएकी कित्येक पटींनी वाढली. अंध पादचाऱ्यांच्या दृष्टीने हा दिवस महत्त्वाचा होता. आज मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन सुमारे पाच मीटरच्या आत स्थान सांगतो. आता रशिया, युरोप व चीन यांच्याही अशा यंत्रणा आहेत. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचे पहिल्या मालिकेतील सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात सोडण्यात आले. नवे फोन यांपैकी अनेक यंत्रणांचे संदेश एकाच वेळी ऐकू शकतात.

पाठीवरच्या ओझ्यापासून खिशातील फोनपर्यंत

उपग्रहांचा उपयोग अंध व्यक्तींना वाट दाखविण्यासाठी करावा, ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी १९८५ साली मांडली. उपग्रह-यंत्रणा तेव्हा अपुरी होती. या कामात त्यांना मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लाट्स्की आणि भूगोलाचे प्राध्यापक रेजिनाल्ड गॉलेज यांची साथ लाभली. मनुष्य आपल्या मनात परिसराचा नकाशा कसा तयार करतो, हा गॉलेज यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि १९८४ साली त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. त्यांनी आपले अध्यापन व संशोधन थांबविले नाही. पुढे अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

या त्रयीने १९९० नंतरच्या दशकात सिद्ध केलेले यंत्र पाठीवर बांधून हिंडावे लागे. त्यात संगणक, जीपीएस ग्राहक, नकाशा आणि कानाला लावायचा श्रवणसंच होता. त्यातील एक युक्ती मार्मिक होती. एखाद्या इमारतीचे नाव उच्चारले जाई, तेव्हा तो आवाज त्या इमारतीच्या दिशेनेच आल्यासारखा वाटे. ग्रंथालय उजवीकडे असेल, तर ‘ग्रंथालय’ हा शब्द उजवीकडून ऐकू येई. त्यामुळे दिशा निराळी समजावून सांगावी लागत नसे.

याच सुमारास अंधांसाठी वाचनयंत्रे तयार करणाऱ्या ‘आर्केनस्टोन’ या अमेरिकेतील ना-नफा संस्थेने संगणकावरील बोलका नकाशा तयार केला. तेथे काम केलेले मायकेल मे यांनी पुढे ‘सेंडेरो ग्रुप’ हा उद्योग उभारला. त्यांची पहिली बोलकी जीपीएस प्रणाली २००० साली आली व ती मांडीवरील संगणकावर चालत असे. २००२ साली ती ब्रेल टिपणयंत्रावर आली. कॅनडातील ‘व्हिज्युएड’ या कंपनीने २००३ साली ‘ट्रेकर’ हे हातात मावणारे उपकरण काढले. ही साधने उत्तम होती, परंतु ब्रेल टिपणयंत्रासह सारा संच घ्यायचा तर काही हजार डॉलर मोजावे लागत आणि नकाशे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांचे असत. आपल्याकडील सामान्य कुटुंबाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

परिस्थिती पालटली ती साध्या मोबाईल फोनमुळे. काही अंध व्यक्तींनी स्वतः पुढाकार घेऊन २००४ साली ‘लोडस्टोन’ या प्रणालीचे काम आरंभिले. ती नोकिया कंपनीच्या ठराविक फोनवर विनामूल्य चालत असे. वापरणाऱ्याने आपल्या ठिकाणांची नोंद स्वतः करावी व ती इतरांना द्यावी, अशी तिची रीत होती. २००९ साली ॲपलने आपल्या आयफोनमध्ये पडद्यावरील मजकूर बोलून दाखविण्याची ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय मुळातच अंतर्भूत केली आणि ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आले. अंध माणसासाठी निराळे यंत्र घेण्याची गरज येथे संपली. २०१२ साली फिनलंडमधील इल्का पिर्तिमा यांनी ‘ब्लाइंडस्क्वेअर’ तयार केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगल मॅप्सने पादचाऱ्यांसाठी तपशीलवार बोलक्या सूचनांची सोय प्रथम अमेरिकेत इंग्रजीत व जपानमध्ये जपानीत सुरू केली.

दृष्टी परत आलेल्या माणसाची काठी

मायकेल मे यांच्या आयुष्यातील एक हकिकत रुग्णालयाच्या अहवालात सांगण्यासारखी आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षी रासायनिक स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्रेचाळीस वर्षांनंतर, २००० साली, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांच्या एका डोळ्यावर मूलपेशींचे व पारपटलाचे रोपण करण्यात आले आणि त्यांना दिसू लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. रंग आणि हालचाल त्यांना चांगली उमगे. परंतु चेहरे ओळखणे, वस्तूंची खोली व आकार समजणे त्यांना वर्षे लोटल्यावरही नीट जमले नाही. डोळ्याने पुरविलेल्या माहितीचा अर्थ लावण्यास मेंदू लहानपणी शिकतो आणि ते शिक्षण त्यांच्या बाबतीत अर्धवट राहिले होते. त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले.

मे यांनी काठी व मार्गदर्शक कुत्रा सोडला नाही आणि अंधांसाठी जीपीएस विकसित करण्याचे आपले कामही पुढे चालू ठेवले. शस्त्रक्रियेचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र डोळा बरा होणे आणि माणूस स्वतंत्रपणे हिंडू-फिरू लागणे या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. पहिले खाते बंद झाले म्हणून दुसरे बंद करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष वापर

फोन खिशात किंवा गळ्यात अडकवलेला, एका हातात काठी आणि कानाजवळ आवाज, अशी साधारण मांडणी असते. दोन्ही कान बंद करणारे श्रवणसंच रस्त्यावर धोक्याचे असतात, कारण अंध माणसाचा रस्ता मुख्यतः कानांनीच ओळखला जातो. यास्तव अनेक जण हाडावाटे ध्वनी पोहोचविणारे श्रवणसंच वापरतात. ते कानाच्या पुढे बसतात व कान मोकळे राहतात. काही जण एकाच कानात संच घालतात.

यंत्राकडून मिळणारे साहाय्य तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार वळणावळणाच्या सूचनांचा : ‘५० मीटरवर उजवीकडे वळा.’ दुसरा प्रकार परिसराच्या वर्णनाचा. चालता चालता यंत्र आसपासच्या ठिकाणांची नावे व दिशा सांगत जाते. दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतात. समोर म्हणजे बारा वाजले, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. तिसरा प्रकार स्वतःच्या खुणांचा. आपल्या घराचे फाटक, बसथांब्याचा खांब, कार्यालयाचा जिना यांची नोंद एकदा जागेवर उभे राहून केली, की पुढे त्या जवळ येताच यंत्र नाव घेते.

दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व घरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. वाट दाखविणे एवढेच पुरेसे आहे, असे आपल्याला वाटते. परंतु ज्या रस्त्याने कोणी दहा वर्षे जात आहे, त्याच रस्त्यावर एक पुस्तकांचे दुकान आहे हे त्याला प्रथमच कळते, तेव्हा त्या रस्त्याशी असलेले त्याचे नातेच बदलते. आता तो तेथे थांबायचे की नाही हे स्वतः ठरवू शकतो.

वाहनात बसल्यावरही याचा लाभ होतो. रिक्षा कोणत्या रस्त्याने चालली आहे हे प्रवाशाला समजत राहते आणि ‘पुढच्या चौकातून डावीकडे घ्या’ असे तो चालकाला आत्मविश्वासाने सांगू शकतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या अंध स्त्रियांच्या दृष्टीने ही केवळ सोय नव्हे, ते संरक्षण आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ‘पुढील स्टेशन’ सांगणारी जी उद्घोषणा आपण रोज ऐकतो, तीही जीपीएसच्या आधारेच होते. डोळस प्रवाशालाही गर्दीत तिचा किती आधार वाटतो, हे आठवले म्हणजे रस्त्यावर अशीच उद्घोषणा सतत सोबत असणे म्हणजे काय, याची कल्पना येईल.

मर्यादा नीट जाणून घेणे आवश्यक

या साधनाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा झाकणे म्हणजे वापरणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

पाच मीटरची अचूकता ऐकावयास चांगली वाटते. पण आपल्या जुन्या पेठांतील कित्येक गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. पाच मीटरच्या फरकाने माणूस रस्त्याच्या दुसऱ्या कडेला किंवा शेजारच्या बोळात असू शकतो. ‘आपण पोहोचलात’ असे यंत्राने सांगितले, तरी दरवाजा शोधण्याचे शेवटचे काम काठीचे व विचारपूस करण्याचेच राहते. उंच इमारतींच्या दाटीत संदेश भिंतींवर आपटून येतात व चूक आणखी वाढते. छपराखाली, भुयारी मार्गात, मोठ्या रेल्वे स्थानकात आणि रुग्णालयाच्या इमारतीतही उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत. तेथे निराळ्या युक्त्या लागतात. मुंबईच्या अनेक उपनगरी स्थानकांवर दिव्यांगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून फलाटावर ‘बीप’ असा आवाज करणारी यंत्रे बसविलेली आहेत. हा त्याचा एक चांगला नमुना होय.

यंत्राला खड्डा दिसत नाही, येणारी मोटार दिसत नाही, सिग्नल हिरवा आहे की लाल हेही कळत नाही. रस्ता केव्हा ओलांडावा हा निर्णय त्यावर कधीही सोपवू नये. काठीला न लागणारे, कमरेच्या वरचे अडथळे, उदाहरणार्थ झाडाची फांदी किंवा टेम्पोचा मागे आलेला भाग, यांची सूचनाही जीपीएस देत नाही. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने विकसित केलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ साली बाजारात आली. ती काठीवर बसविलेल्या उपकरणातून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडते व अडथळा जवळ येताच मुठीला कंप देते. म्हणजे ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगले देते. दुसऱ्या प्रश्नासाठी उपग्रहच लागतात. ही साधने एकमेकांची जागा घेत नाहीत, ती एकमेकांस पूरक आहेत.

सेवा पुरविणाऱ्यावर अवलंबून राहावे लागते, ही आणखी एक मर्यादा. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ‘साउंडस्केप’ नावाची सुंदर सेवा विनामूल्य सुरू केली. ठिकाणाचा आवाज त्याच्या दिशेने ऐकविण्याची, लूमिस व गॉलेज यांनी प्रयोगात आणलेली कल्पना तीत होती. २०२३ साली कंपनीने ती बंद केली. सुदैवाने तिचा आराखडा सर्वांसाठी खुला करण्यात आल्यामुळे इतरांना ते काम पुढे नेता आले. यावरून धडा घ्यावयाचा तो असा, की एकाच साधनावर भिस्त न ठेवता दोन-तीन साधने हाताळता यावीत, आणि काठीचा सराव तर कधीच मोडू नये.

आपले पत्ते, आपले नकाशे

पाश्चात्त्य शहरांत घरक्रमांक ओळीने लागतात व रस्त्यांना निश्चित नावे असतात. आपल्याकडे पत्ता सांगण्याची रीत वेगळी आहे. ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘जुन्या टपाल कचेरीसमोर’, ‘पाण्याच्या टाकीपाशी’ असे आपण सांगतो. ज्या खुणांनी आपले गाव ओळखले जाते, त्या नकाशावर नोंदलेल्या असतील तरच यंत्र त्या बोलून दाखवील. मोठ्या शहरांत नोंदी पुष्कळ आहेत. तालुक्याच्या ठिकाणी त्या विरळ होतात आणि खेडेगावात रस्त्याचीच रेघ तेवढी असते. फोनमध्ये आता मराठी आवाज उपलब्ध आहे, परंतु नकाशावरील नाव रोमन लिपीत असेल, तर त्याचा उच्चार कधीकधी ओळखू न येण्याइतका बदलतो.

ही उणीव भरून काढण्यास पैसा लागत नाही. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ साली सुरू झालेला जागतिक नकाशा स्वयंसेवकांनीच भरला आहे आणि अंधांसाठीच्या अनेक प्रणाली त्याचा आधार घेतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एका रविवारी आपल्या प्रभागातील बसथांबे, दवाखाने, देवळे, स्वच्छतागृहे व पादचारी पूल यांची देवनागरीत नोंद केली, तर त्या प्रभागातील प्रत्येक अंध रहिवाशाला त्याचा उपयोग होईल.

पदपथांबाबतही दोन शब्द लिहावेसे वाटतात. उपग्रहाने कितीही अचूक वाट दाखविली, तरी त्या वाटेवर वाहने उभी केलेली असतील आणि गटाराचे झाकण उघडे असेल, तर चालणारा रस्त्यावरच उतरणार. तंत्रज्ञान रस्ता सांगते; तो मोकळा ठेवणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. प्रथम काठीचे प्रशिक्षण घ्यावे, जीपीएस त्यानंतर. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (मुंबई, स्थापना १९५२) व अशा अन्य संस्थांकडे याबाबत चौकशी करावी.

२. फोनमधील बोलकी सोय घरात बसून पूर्ण अवगत करावी. रस्त्यावर उभे राहून फोन शिकू नये.

३. पहिला सराव ओळखीच्या रस्त्यावर करावा. यंत्र काय सांगते आणि प्रत्यक्षात काय आहे, यांतील फरक त्यामुळे कळतो. प्रारंभी सोबत असावी. मात्र हात न धरता काही पावले मागून चालावे.

४. घर, बसथांबा, औषधाचे दुकान व रुग्णालयाचे फाटक या खुणांची नोंद आधी करावी.

५. चार्जिंगसाठी जादा बॅटरी जवळ ठेवावी. फोन बंद पडल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. पावसाळ्यात फोन जलरोधक पिशवीत ठेवावा.

६. काळजीपोटी ‘एकटे जाऊ नकोस’ असे म्हणण्याचा मोह होतो. त्याऐवजी ‘पोहोचलास की फोन कर’ असे म्हणावे. ही काळजी तितकीच असते. पण ती पायात बेडी घालत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो, त्यामुळे खर्चाच्या अंगाने विचार करण्याची सवय आहे. २००२ साली ज्या साधनसंचाला काही हजार डॉलर पडत, त्याचे काम आज घरात आधीच असलेला साधा स्मार्टफोन व एक काठी करते. यंत्राचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. उरला आहे तो शिकविण्याचा खर्च, म्हणजे प्रशिक्षकाचा वेळ, रुग्णासोबत रस्त्यावर काढलेले तास आणि धीर. हा खर्च कोणत्याही यंत्राच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून तो देणग्यांतही सहसा धरला जात नाही.

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे फळ पट्टी सुटताच दिसते. प्रशिक्षणाचे फळ दिसण्यास काही महिने लागतात. परंतु ज्या तरुणाची नजर पंचविसाव्या वर्षी गेली आहे, त्याच्यापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असते. ती वर्षे तो कोणाची तरी वाट पाहत काढणार, की सकाळी काठी घेऊन स्वतः कामावर जाणार, हे बहुतांशी या काही महिन्यांवर ठरते. सोबत जाणाऱ्या आई-वडिलांचे वा भावंडांचे वाचणारे दिवसही या हिशेबात जमेस धरावयास हवेत.

‘आता डोळ्यांवर उपचार नाही’ हे वाक्य नेत्रवैद्याला कधी ना कधी उच्चारावे लागते. ते शेवटचे वाक्य ठरू नये, त्यापुढे ‘आता चालण्याचे शिक्षण सुरू करू’ हे वाक्य यावे, असा आमच्या नेत्रविभागाचा आग्रह आहे. आपल्या कुटुंबात वा परिचयात अशी व्यक्ती असल्यास तिला अवश्य नेत्रविभागाकडे पाठवावे. ज्यांना सवड आहे त्यांनी आठवड्यातून एखादा तास अशा रुग्णांसोबत रस्त्यावर चालण्यासाठी द्यावा, तसेच देणगीदारांनी आपल्या देणगीतील काही अंश प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याचा विचार करावा, अशी आमची सर्व हितचिंतकांना नम्र विनंती आहे.